माशाच्या कांट्याची साक्ष

भंडारा जिल्ह्यांत तुमसरजवळ सातपुड्याच्या डोंगरांत आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण यानें तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला; पुढें नागपूरकर भोसल्यांनीं त्याचा बंदिखाना केला. एवढें इतिहास सांगतो. परंतु तेथील शिपाई व बंदिवान काय जेवीत, हें कोण सांगणार? अशा प्रश्नाचें उत्तर देऊं शकणारें एक क्षुद्र साधन म्हणजे उकिरड्यांत टाकलेला माशाचा कांटा.

राजांच्या ताटाची हकीकत ग्रंथांत मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत माशांच्या जाती, त्यांचें खाद्य व गळाची शिकार यांचें वर्णन आहे. गरिबाच्या ताटावर मात्र कोणी ग्रंथ लिहिला नाहीं.

हाडें असा भेद करीत नाहींत. मणक्यावरील वलयांवरून, झाडाच्या खोडाप्रमाणें, माशाचें वय मोजतां येतें. त्याच्या आकारावरून माशाची लांबी कळते. डोक्याचीं हाडें नसून नुसते धडाचे मणके सांपडले, तर मासा दुरून वाळवून आणला असावा. याच रीतीनें इंग्लंडांत असें आढळलें कीं, इ. स. १००० च्या सुमारास आहारांत समुद्री मासळीचें प्रमाण एकदम वाढलें. वाढतीं शहरें व ख्रिस्ती उपवासाचे दिवस हीं त्याचीं कारणें मानलीं जातात. महाराष्ट्रांतही घोड नदीकाठच्या इनामगांवीं, डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून केलेल्या उत्खननांत, ताम्रपाषाणयुगीन वस्तींत माशांचीं हाडें मिळालीं.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं तळीं बांधलीं, ढिवरांनीं त्यांत जाळीं टाकलीं. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. आंबागडावर मरळ, वाम, शिंगाडा यांचीं हाडें निघालीं, तर ढिवराचें जाळें गडाच्या चुलीपर्यंत पोहोंचत होतें असें ठरेल. समुद्री माशाचा मणका निघाला, तर सुक्या मासळीचा व्यापार येथवर आला होता असें म्हणतां येईल.

मात्र यांतील पुष्कळ हाडें तांदळाच्या कणीएवढीं असतात. कुदळीनें माती उपसून फेंकली कीं तीं कायमचीं गेलीं. माती पाण्यानें धुऊन बारीक चाळणींतून चाळली, तरच तीं हातीं लागतात. ढिवरांनीं आपला इतिहास कागदावर लिहिला नाहीं. तो या मातींतच शोधावा लागेल. म्हणून गडाचे बुरूज जपणाऱ्यांनीं त्याचा उकिरडाही जपला पाहिजे.