सात पावसाळे

पडक्या वास्तूंचे फोटो काढण्याचा नाद मला कॉलेजात लागला. वाडे, बंद पडलेल्या गिरण्या, जुन्या वखारी, ओस पडलेली बंदरे असे बरेच काही तीस वर्षांत गोळा झाले. त्यातला एक कृष्णधवल फोटो १९९४ च्या ऑगस्टमधला आहे. जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवर उभा असलेला सेंट ऑगस्टीनचा मनोरा, मागे काळेभोर ढग, पायथ्याशी जांभ्या दगडांचे ढीग आणि ओली झुडपे. फोटोत माणूस नाही. तिथे एक कुटुंब डबा उघडून जेवायला बसले होते, ते चौकटीबाहेर जाईपर्यंत मी जवळजवळ अर्धा तास छत्री धरून थांबलो होतो. फोटोच्या मागे मी तेव्हा पेन्सिलीने लिहिले: ‘काळाचा घास’.

हे दोन शब्द चुकीचे होते. ते कसे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. हा लेख त्याविषयी आहे.

ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू गोव्यात आले १५७२ मध्ये. त्यांच्या मठाला लागून असलेले ‘नोसा सेन्योरा द ग्रासा’, म्हणजे कृपामातेचे भव्य चर्च १६०२ मध्ये पुरे झाले. आज जो एकच मनोरा दिसतो तो या चर्चच्या दर्शनी भिंतीचा भाग होता, आणि त्याला दुसऱ्या बाजूला जोडीदार होता. मनोऱ्याची उंची सुमारे ४६ मीटर. बांधकाम जांभ्याचे, वर चुन्याचा गिलावा. मांडवीतून गलबताने येणाऱ्याला ही टेकडी लांबूनच दिसत असणार.

जुने गोवे ओस का पडले, याचे तयार उत्तर आपल्या सर्वांना पाठ असते: साथीचे रोग. ते खोटे नाही. पटकी आणि हिवताप यांनी शहर पोखरले, पोर्तुगीज व्यापाराला उतरती कळा लागली, व्हाइसरॉयने १७५९ मध्ये मुक्काम पणजीला हलवला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. पण या उत्तरातून चर्च का पडले हे कळत नाही. कोतिनो द क्लोगाँ हा फ्रेंच धर्मगुरू १८२७ मध्ये गोव्यात आला आणि त्याने पाहिलेल्या गोव्यावरचे त्याचे पुस्तक १८३१ मध्ये मद्रासला छापले गेले. तो आला तेव्हा शहर नावापुरतेच उरले होते. मठ मात्र चालू होते. घंटा वाजत होत्या, माणसे राहत होती. म्हणजे शहर रिकामे झाल्यानंतरही चर्च उभे होते, आणि नुसते उभे नव्हते, नांदते होते.

मग झाले काय? झाला तो एक हुकूम. पोर्तुगालमध्ये यादवी युद्ध संपून उदारमतवादी पक्ष सत्तेवर आला आणि मे १८३४ मध्ये मंत्री जुआकिम आंतोनियु द अगियार याने पुरुषांचे सगळे धर्मसंघ बरखास्त करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्याला ‘माता-फ्रादश’, म्हणजे साधूंचा काळ, असे नाव ठेवले. गोव्यात या हुकमाचा अंमल १८३५ मध्ये झाला. टेकडीवरचा मठ रिकामा करण्यात आला. आणि १८४२ मध्ये चर्चचे छत, म्हणजे मधली प्रचंड कमानदार घुमटी, कोसळली.

या आकड्यांची वजाबाकी मी कित्येक वर्षे केलीच नव्हती. १६०२ ते १८३५ म्हणजे २३३ वर्षे. तेवढा काळ हे चर्च कोकणपट्टीचा पाऊस अंगावर घेत उभे राहिले. १८३५ ते १८४२ म्हणजे सात वर्षे. सात पावसाळ्यांत ते पडले.

कोकणात ज्याचे घर आहे त्याला यात नवल वाटणार नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कठीण होतो, पण तो असतो सच्छिद्रच. पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवा, आणि गिलावा दर काही वर्षांनी नवा करायला हवा. वर कौले असतील तर मृगाआधी शाकारणी हवी, फुटलेले कौल बदलायला हवे. पक्ष्याने टाकलेल्या बीतून भिंतीत पिंपळाचे दोन पानांचे रोप आले, तर ते त्याच वर्षी उपटायला हवे. पुढच्या वर्षी त्याला कोयता लागतो आणि पाच वर्षांनी गवंडी. कमानदार छताचे तर आणखी अवघड. त्याचा सगळा भार बाजूच्या भिंतींना बाहेर रेटत असतो, भिंतीने ओल धरून जरा अंग सोडले की छत मधोमध उघडते. मठात राहणारी माणसे ही बारीकसारीक कामे दरसाल करत आणि करवून घेत असणार. १८३५ नंतर ती करायला कोणी उरले नाही.

शेजारच्या बॉम जेझू बासिलिकाकडे पाहिले तरी हे कळते. पर्यटक तिच्या लालसर, उघड्या दगडाचे फोटो काढतात आणि ‘किती प्राचीन’ म्हणतात. मीही काढले आहेत. ते उघडे रूप मुळातले नव्हेच. तिच्या बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला, डागडुजीच्या नावाखाली, काढून टाकण्यात आला, आणि आता त्या उघड्या जांभ्याच्या झिजेची चिंता वाहिली जात आहे. आपल्या डोळ्यांना जे जुनेपण वाटते ते पुष्कळदा अलीकडचे नुकसान असते.

पुढचा क्रम असा. ऑगस्टीनची मोठी घंटा १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये बसवली गेली. पणजीच्या त्या सुप्रसिद्ध पांढऱ्या पायऱ्या चढताना वर दिसते ती हीच घंटा. जुझे निकोलाव द फोन्सेका याने गोवे शहराच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ १८७८ मध्ये लिहिला, तोवर टेकडीवरचे चर्च छताविना उभे असल्याला ३६ वर्षे झाली होती. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा बराच भाग ढासळला, १९३८ मध्ये आणखी काही भाग गेला. उरला तो माझ्या फोटोतला मनोरा. प्रत्येक पडझडीला तारीख आहे. ‘काळाचा घास’ म्हटले की या तारखा पुसल्या जातात, आणि तारखांबरोबर निर्णयही पुसले जातात.

याच टेकडीवर घडलेली दुसरी गोष्ट पडक्या वास्तूचा अभ्यास कसा करावा हे शिकवणारी आहे.

पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान. इराणच्या शहा अब्बासने राज्यावर स्वारी करू नये म्हणून ती स्वतः ओलीस गेली. दहा वर्षे शिराझमध्ये कैदेत राहिली, धर्म बदलायला नकार दिला, आणि १६२४ मध्ये तापलेल्या सांडसांनी हाल करून तिला मारण्यात आले. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन धर्मगुरू नुकतेच येऊन राहिले होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आपल्या मठात आणला. तिची कथा युरोपभर गेली. लिस्बनच्या ग्रासा मठात रंगीत टाइलांवर तिच्या हौतात्म्याचे चित्र आहे, आणि आंद्रेआस ग्रिफियस या जर्मन नाटककाराने तिच्यावर शोकांतिका लिहिली.

अवशेष मठात नेमके कुठे ठेवले, हे पोर्तुगीज कागदांत नोंदलेले होते: चॅप्टरच्या चॅपेलमध्ये, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. पत्ता स्वच्छ होता, पण घरच पडले होते. ज्या इमारतीचे छत नाही, भिंती कमरेइतक्या, त्यात चॅपेल कोणते आणि दुसरी खिडकी कोणती? १९८९ पासून जॉर्जियाची पथके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर हा शोध घेत होती. ढिगारे उपसत, पाये मोजत, कागदातले वर्णन आणि जमिनीवरची रेघ जुळवत अखेर २००४ मध्ये ते चॅपेल आणि ती खिडकी ओळखता आली. पेटी जागेवर नव्हती. झाकणाचा दगड आणि हाडांचे तुकडे मिळाले.

हाड कोणाचे हे ठरवायचे काम हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेकडे गेले. तिथे निघालेला मातृवंशाचा डीएनए यू१बी या गटातला होता. हजारो भारतीय नमुन्यांत हा गट आढळला नाही, जॉर्जियाच्या बाजूला मात्र तो आहे. हाड राणीचेच असण्याची दाट शक्यता आहे, असे शास्त्रज्ञांनी जपून म्हटले. जुलै २०२१ मध्ये या अवशेषांचा एक भाग भारत सरकारने जॉर्जियाला भेट दिला.

ही बातमी वाचली तेव्हा मी १९९४ चा फोटो शोधून काढला. मी छत्री धरून उभा होतो तेव्हा हा शोध चालू होऊन पाच वर्षे झाली होती. भिंग लावून पाहिले. ते चॅपेल माझ्या फोटोत नाहीच. तिकडे उंच, नाट्यमय असे काही नव्हते, म्हणून कॅमेरा तिकडे वळला नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनी ओळीला जे ठाऊक होते, ते माझ्या उत्तम भिंगाला दिसले नव्हते. पडक्या वास्तूत डोळा नेहमी उभ्या राहिलेल्या गोष्टीकडे जातो. इतिहास बहुतेक वेळा पडलेल्या बाजूला असतो.

एक घरची गोष्ट सांगून थांबतो. राजापूरजवळ आमचे जुने घर आहे. काका गेल्यावर काकू काही वर्षे तिथे एकटीच राहिली, मग गुडघ्यांमुळे मुलाकडे डोंबिवलीला आली. घराला कुलूप लागले. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी तिथे गेलो तेव्हा माजघरात वरून उन्हाचा एक सरळ कवडसा खाली जात्यावर पडला होता. धूळ त्यात तरंगत होती. मी तो फोटो काढला, त्याला एका प्रदर्शनात बक्षीस मिळाले, आणि मी मोठ्या हौसेने तो काकूला दाखवायला नेला.

काकूने चष्मा पुसला, फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “ऊन आत येतंय म्हणजे कौल सरकलंय. शिडी पडवीतच होती की रे. एक कौल नीट बसवलं असतंस तर?”

मी काही बोललो नाही. त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत त्याच जागेचे वासे कुजले आणि आढे खचले. ती पाहणी करायला मी गेलो, तेव्हा कॅमेरा बरोबर होताच.

आता मी फोटोच्या मागे विशेषणे लिहीत नाही. तीन गोष्टी लिहितो: इथे शेवटचे कोण राहत होते, ते कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून गेले, आणि छत कधी पडले. ऑगस्टीनच्या फोटोमागचे दोन शब्द खोडून तिथे १८३५ आणि १८४२ हे दोन आकडे टाकले आहेत. राजापूरच्या घराच्या फोटोमागे दोन ओळी लिहून झाल्या आहेत. तिसरी लिहायची वेळ येऊ नये म्हणून यंदा वैशाखात गावातल्या सुताराला घेऊन गेलो, मागचे निम्मे छप्पर उतरवून नवे वासे घातले आणि कौले चढवली. माजघरात आता अंधार आहे. काकूला त्याचा फोटो पाठवला, त्यात काहीच दिसत नाही. तिने तो डोंबिवलीच्या घरात फ्रीजवर लावून ठेवला आहे.