अकराच महिने का?

मुंबई-पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्याला एजंट पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, की करार अकरा महिन्यांचा होईल, पुढचे पुढे बघू. बारा का नाही, हे फारसे कुणी विचारत नाही आणि विचारलेच तर 'सगळीकडे असंच असतं' एवढेच उत्तर मिळते. या अकरा महिन्यांमागे मुंबईतल्या भाडेकरूंचा आणि घरमालकांचा शतकाहून मोठा झगडा आहे.

सुरुवात 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून करावी लागते. घर भाड्याने दिले, पण मुदत ठरवली नाही, तर ती भाडेदारी महिन्या-महिन्याची समजावी, असे त्याचे कलम 106 सांगते. महिना संपला की कुणी काही न बोलता पुढचा महिना सुरू होतो. मोडायचीच असेल तर पंधरा दिवसांची नोटीस पुरे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा मात्र नोंदणी केल्याशिवाय वैध नाही, असे याच कायद्याच्या कलम 107 ने सांगितले आणि पुढे 1908 च्या नोंदणी कायद्यानेही तेच ठेवले. वर्षाच्या आत मुदत ठेवली की दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढावी लागत नसे. म्हणून अकरा. देशभर हा आकडा रुजला तो यामुळे. मुंबईत तो इतका घट्ट का बसला, हे मात्र नोंदणीचा खर्च वाचवण्यातून पुरते उलगडत नाही.

गिरण्यांच्या काळातल्या चाळींत करारनामे क्वचितच होत. खोली मिळाली, भाडे दिले, पावती घेतली, की झाला भाडेकरू. व्यवहार महिन्याचा, कारण पगारही महिन्याचा. नोटीस आली की पंधरा दिवसांत चंबूगबाळे आवरायचे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, तेव्हा खोल्यांची टंचाई आणखी वाढली. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, भाडीही चढली. ग्लासगोच्या भाडेकरूंनी संप पुकारल्यावर ब्रिटिश सरकारने 1915 मध्ये भाडी गोठवली होती. त्याच धर्तीचा युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा मुंबईत 1918 साली आला. युद्धापुरताच तो होता आणि पुढच्या दशकात संपलाही.

दुसऱ्या महायुद्धाने तीच गोष्ट पुन्हा घडवली. 1939 आणि 1944 च्या कायद्यांनंतर 1947 चा प्रसिद्ध 'बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट' झाला. हाही तात्पुरताच, पण मुदतवाढ घेत घेत तो अर्धशतकाहून जास्त टिकला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते, ते 'प्रमाण भाडे' ठरले. भाडेकरू ते देत असेल आणि भाडेदारीच्या अटी पाळत असेल, तोवर कायद्यातल्या ठराविक कारणांशिवाय त्याला काढता येणार नव्हते. महिन्याच्या बोलीवर घेतलेली खोली त्यामुळे मुलाला आणि नातवालाही मिळू लागली. भाडेकरू वारला तर सोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होई. कायद्याने किती बारीक लक्ष घातले होते पाहा: घरमालकाने प्रत्येक रकमेची लेखी पावती दिलीच पाहिजे आणि महिना इंग्रजी कॅलेंडरप्रमाणेच मोजला पाहिजे, अशी स्वतंत्र कलमे त्यात होती. पावतीला फार मोल होते. 'पावती कुणाच्या नावावर आहे?' हा चाळीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता आणि जुन्या इमारतींत तो आजही आहे.

गिरणीकामगार, कारकून, शिक्षक या शहराच्या मध्यभागी राहू शकले ते या संरक्षणामुळे. याचे श्रेय कायद्याला द्यायलाच हवे. चूक संरक्षणात नव्हती, भाडे गोठवण्यात होती. दरमहा काही रुपये मिळवणारा मालक छप्पर शाकारेना, जिने दुरुस्त करेना. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 मध्ये सरकारला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला. भाडेकरूंकडून उपकर घेऊन दुरुस्तीचा भार सार्वजनिक यंत्रणेने उचलला. 'उपकरप्राप्त इमारत' ही सरकारी संज्ञा तिथून आली. अशा इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या.

भाडे वाढवता येईना, तेव्हा पैसा दुसऱ्या वाटेने फिरला. पागडी हा गुन्हा होता, तरीही ती सर्रास चाले. जुना भाडेकरू नव्याकडून मोठी रक्कम घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई आणि मालक पावती नव्या नावावर करून देई.

मालकांनी शोधलेली दुसरी वाट जास्त चतुर होती. भाडेपट्टा न करता नुसती वापराची परवानगी द्यायची, म्हणजेच 'लीव्ह अँड लायसन्स'. परवानाधारक भाडेकरू नसतो, त्यामुळे रेंट अ‍ॅक्ट त्याला लागू होत नसे. पण कागदावर काय लिहिले एवढ्याने भागत नव्हते. दिल्लीच्या एका बड्या हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली व्यवहाराचे खरे स्वरूप तपासले आणि लायसन्स म्हणवणाऱ्या कराराला भाडेपट्टाच ठरवले. त्यानंतर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात 'भाडेकरू की परवानाधारक' या एका प्रश्नावर किती दावे वर्षानुवर्षे लढले गेले, याला गणती नाही.

मग 1973 उजाडले. महाराष्ट्र विधिमंडळाने रेंट अ‍ॅक्टमध्ये कलम 15अ घातले. 1 फेब्रुवारी 1973 रोजी किमान एका खोलीत परवानाधारक म्हणून जो राहत असेल, तो त्या दिवसापासून भाडेकरू मानला जाईल, असा त्याचा अर्थ. ठराविक काळापुरते दिलेले घर कायद्याच्या एका तरतुदीने कायमचे हातचे गेले! विस्थापनाच्या धास्तीत जगणाऱ्या असंख्य कुटुंबांना न्याय मिळाला, हे खरे. पण मालकवर्गाच्या मनात बसलेली भीती पुढच्या पिढीपर्यंत गेली नाही तरच नवल. घर रिकामे, कुलूपबंद ठेवणे लोकांना परवडू लागले. द्यायचेच झाले तर बँकेला, कंपनीला, बदलीच्या नोकरीतल्या अधिकाऱ्याला द्यायचे. करार अकरा महिन्यांचा करायचा आणि माणूस फार काळ एका जागी टिकू द्यायचा नाही, ही सवय या भीतीने पक्की केली.

डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले प्रमाण भाडे मनमानी आणि गैरवाजवी ठरवले. कायद्याची मुदत काही महिन्यांतच संपत होती म्हणून तरतुदी रद्द केल्या नाहीत, पण जुना कायदा तसाच पुढे ढकलणे आता शक्य नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण राहिले, वर्षाला 4 टक्के भाडेवाढ मिळाली, पागडीला मान्यता मिळाली. मोठ्या कंपन्या आणि बँका या कायद्याबाहेर गेल्या.

लीव्ह अँड लायसन्सचे सारे चित्र कलम 24 ने बदलले. मुदत संपली की राहण्यासाठी घेतलेली जागा सोडायची. सोडली नाही तर सक्षम प्राधिकारी ताबा देववतो आणि दुप्पट शुल्काची भरपाई लावतो. लेखी करारात जे नमूद आहे तेच निर्णायक पुरावा, असेही या कलमाने सांगितले, म्हणजे 1959 पासूनचा वाद राहत्या घरांपुरता मिटला. चाळीतली भाडेदारी आपोआप पुढे सरकत होती, हा करार आपोआप संपतो. पुढे राहायचे तर नवा कागद, नवे शुल्क, वाढलेले भाडे आणि मालकाची मर्जी.

त्याच कायद्याचे कलम 55 सांगते, की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय अटींबाबत वाद झाल्यास राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. महाराष्ट्रात अकरा महिन्यांनी आता नोंदणी चुकत नाही. आकड्याचे मूळ कारण पाव शतकापूर्वीच संपले आणि आकडा मात्र तसाच आहे.

त्याची किंमत भाडेकरू मोजतो. मुलाचे शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना घर बदलावे लागते, दरवेळी एजंटची दलाली आणि टेम्पोचे भाडे निघते, गॅस आणि बँकेचे पत्ते बदलत बसावे लागते. हा त्रास घेण्याची कायद्याने कुणावर सक्ती केलेली नाही. कलम 24 मधला मालकाचा हक्क अकरा महिन्यांच्या करारात जितका पक्का, तितकाच छत्तीस महिन्यांच्या करारात. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्काचा दरही एकच आहे, एकूण भाड्याच्या 0.25 टक्के. वाढीव भाड्याचे टप्पे आधीच लिहून ठेवता येतात आणि दोघांचेही अंगठे एकदाच उमटवून तीन वर्षांचा करार घरबसल्या नोंदवता येतो. भाडेकरूने पहिल्याच बोलणीत तो मागायला हवा.