मबूझेचा अखेरचा चेहरा

फ्रिट्झ लांगच्या 'डॉ. मबूझे, जुगारी' या मूकपटाचे दोन भाग १९२२ च्या एप्रिल व मे महिन्यांत बर्लिनमध्ये प्रदर्शित झाले. त्याच्या शेवटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मात्र ते बहुधा १९३३ च्या जर्मनीवर दृष्टी ठेवून. सीगफ्रीड क्राकाउअरने १९४७ च्या आपल्या ग्रंथात मबूझेला हिटलरपूर्व जुलूमशहांच्या मालिकेत बसवले आणि पुढील बऱ्याच समीक्षेने ती मांडणी गृहीत धरली. या वाचनात प्रत्यक्ष शेवटच निसटतो.

पोलीस व सैनिक घराला वेढा घालतात. मबूझे भुयारी गटारातून निसटून आपल्याच खोट्या नोटांच्या कारखान्यात शिरतो. दारे आतून उघडत नाहीत. कामगार सारे आंधळे. त्याने ज्यांचा बळी घेतला त्यांची भुते त्याच्याशी पत्ते खेळतात व त्याच्यावर लबाडीचा आरोप करतात. छपाईयंत्र राक्षसी रूप धारण करते. सरकारी वकील वेंक पोहोचतो तेव्हा मबूझे नोटांच्या पसाऱ्यात भ्रमिष्ट होऊन बसलेला असतो.

आरंभीच्या दृश्यात हाच मनुष्य आपल्या वेषांतरांची छायाचित्रे पत्त्यांसारखी पिसून त्यातला एक चेहरा निवडतो. चेहरा हे त्याचे चलन आहे: समोरच्याचा विश्वास आहे तोवरच त्याला मोल. नोटेचेही तसेच, आणि मार्कची घसरण अनुभवणाऱ्या प्रेक्षकाला हे सांगावे लागत नव्हते. (१९२३ ची पराकोटीची चलनवाढ अजून यायची होती, तेव्हा येथेही भविष्यकथनाचा मोह टाळलेला बरा.) आंधळ्यांच्या खोलीत हे चलन चालत नाही. तेथे त्याचा चेहरा पाहणारे कोणी नाही, म्हणून वेषांतरही उरत नाही. वेड लागते ते याच क्षणी. त्याला केवळ पापाचे फळ म्हणणे अपुरे आहे.

नॉर्बर्ट जाकच्या मूळ कादंबरीत मबूझे विमानातून कोसळून मरतो. टेआ फॉन हार्बूच्या पटकथेने त्याला जिवंत ठेवले, म्हणून 'डॉ. मबूझेचे मृत्युपत्र' शक्य झाला. त्यावर १९३३ मध्ये जर्मनीत बंदी आली. त्यातील गुन्हेगारांच्या तोंडी आपण नाझी घोषणा घातल्या होत्या, असे लांगने १९४३ मध्ये अमेरिकेत सांगितले. उलट्या दिशेच्या वाचनाला येथे दिग्दर्शकाचीच संमती मिळाली, पण ती दुसऱ्या चित्रपटापुरती. त्यात मबूझे इस्पितळात कागदांमागून कागद लिहीत असतो, आणि त्याच्या नावाने गुन्हे करणारा मनुष्य दुसराच आहे.