'स्क्रिबल' आणि संत थॉमसचे अक्षर

आमच्या शाळकरी वयात अक्षर गिचमिड आले की 'कुत्र्याचे पाय मांजराला' हा शेरा ठरलेला असे. इंग्रजीत अशा लिखाणाला 'स्क्रिबल' म्हणतात. शब्द हलका वाटतो. पण त्याचे कुळ ख्रिस्तसभेच्या जुन्या उपासनाभाषेतले, लॅटिनमधले आहे. 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणे. 'स्क्रिप्तुरा' म्हणजे पवित्र शास्त्र आणि शुभवर्तमानात प्रभू येशूशी हुज्जत घालणारा शास्त्री तो 'स्क्रीबा'. याच धातूपासून मध्ययुगात 'स्क्रिबिल्लारे', म्हणजे घाईघाईने खरडणे, हे क्रियापद घडले आणि पंधराव्या शतकात ते इंग्रजीत उतरले. गंमत अशी की, मुळाशी गेल्यास 'स्क्रीबेरे'चा अर्थही ओरखडणे, कोरणे असाच निघतो. संस्कृत 'लिख्' धातूचाही तोच. लिहिणे आणि खरडणे ही सख्खी भावंडे. प्रतिष्ठा मात्र एकाच्याच वाट्याला आली.

अक्षरावरून माणूस जोखणाऱ्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचे हस्तलिखित अवश्य पाहावे. ख्रिस्तसभेच्या या महापंडिताच्या अक्षराला जुन्या काळापासून 'लित्तेरा इनिन्तेल्लिगीबिलिस', म्हणजे न उमगणारे अक्षर, असेच नाव पडले आहे. 'सुम्मा कोन्त्रा जेन्तीलेस' या ग्रंथाचा बराच भाग त्यांच्या स्वहस्ताक्षरात व्हॅटिकन ग्रंथालयात जतन केलेला आहे. शब्दांचे तुटक संक्षेप, जागोजागी खाडाखोड. विचारामागे लेखणी धापा टाकीत धावते आहे असे वाटते.

पुढे ते लेखनिकांना मजकूर सांगत. त्यांचे सोबती, पिपेर्नोचे बंधू रेजिनाल्ड, यांचे या कामी मोठे साहाय्य झाले. आमच्या मते या लेखनिकांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीतील एखादे पुसट नाव लावताना डोळ्यांना किती ताण पडतो, हे आम्ही जाणतो; आणि त्या एका नावासाठी दारात अख्खे कुटुंब ताटकळत असते. इथे तर पानेच्या पाने!

7 मार्च 1274 रोजी थॉमस निवर्तले. सहा शतकांनंतर पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्या समग्र ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्तीसाठी अभ्यासमंडळ नेमले. मंडळातील विद्वानांनी ती खरड अक्षर-अक्षर लावली आणि संतांनी स्वतः खोडून टाकलेला मजकूरही वाचून काढला.