गरिबाचा पहिला पाइप

लंडन शहरातून थेम्स नावाची नदी वाहते. समुद्राला भरती आली की तिचे पाणी चढते, ओहोटी लागली की उतरते, आणि मग काठाला चिखलाचा नि गोट्यांचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. त्या चिखलात बोटाएवढे पांढरे तुकडे विखुरलेले असतात. आपल्यापैकी कोणी गुरुजी तिथे गेले, तर त्यांना वाटेल की कुणा मास्तराने खडूची अख्खी पेटीच नदीत उपडी केली! पण तुकडा हातात घेऊन पाहा. त्याला आरपार भोक आहे. खडूला भोक नसते. हा तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपाच्या नळीचा तुकडा. दोनशे, तीनशे, कधी चारशे वर्षांचा जुना. आज तिथे असले तुकडे शोधायला आणि उचलायला परवाना लागतो. ज्या दिवशी तो टाकला, त्या दिवशी मात्र वाकून उचलण्याचे कष्टही कुणी घेतले नाहीत.

या क्षुल्लक वस्तूची हकीकत मी आज सांगणार आहे. राजांच्या तरवारींचा इतिहास लिहिला जातो, सरदारांच्या वाड्यांचा लिहिला जातो. पण इंग्लंडातल्या ज्या हमालाने, खलाशाने किंवा शेतमजुराने आयुष्यात पहिल्यांदा पदरचे चार पैसे मोडून पाइप घेतला, त्याचे नाव कुठल्या दप्तरात असणार? थोड्या पैशात कोणता घ्यावा, हा विचार त्यानेही केलाच असेल. त्याचा विचार कागदावर नाही, मातीत आहे.

आधी हा पाइप म्हणजे काय ते समजून घेऊ. आपली चिलीम तुम्हांला माहीत आहे. कुंभाराने केलेली, वर रुंद, खाली निमुळती. आत खडा, बुडाशी ओली छापी, वर तंबाखू नि विस्तव, आणि हातांची मूठ करून ओढायची. ओठ चिलमीला लागत नाहीत, म्हणून एकच चिलीम चावडीवर दहा जणांत फिरते. इंग्रजी पाइपाचे तसे नाही. त्याला एक लहानशी वाटी आणि वाटीला आडवी जोडलेली सरळ नळी. नळीचे टोक दातांत धरायचे. म्हणून पाइप ज्याचा त्याचा. दुसरा फायदा असा, की दातांत धरला की दोन्ही हात कामाला मोकळे. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

तंबाखू अमेरिकेतली. तिथल्या मूळ रहिवाशांना मातीच्या पाइपाने धूर घेताना पाहून इंग्रज ते शिकले. टॉमस हॅरियट नावाचा एक मोठा गणिती १५८५ साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर गेला होता. परत येऊन १५८८ साली त्याने पुस्तक लिहिले. त्यात या धुराने शरीर शुद्ध होते, रोग टळतात, असे त्याने भरभरून सांगितले आणि आपण स्वतः तो घेतो हेही नमूद केले. हॅरियट विद्वान होता, लबाड नव्हता. त्याला तसे खरोखरच वाटत होते. त्याची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडेल.

त्या काळचे पाइप पाहिले तर हसू येते. वाटी इतकी लहान, की तीत करंगळीचे टोक जेमतेम शिरेल. पुढे शेतात नांगराला असले पाइप लागू लागले, तेव्हा खेडूत त्यांना पऱ्यांचे पाइप म्हणू लागले! खरे कारण सरळ होते. तंबाखू महाग होती, चिमूटभरच परवडे, म्हणून वाटीही चिमटीएवढी.

राजा पहिला जेम्स याला या व्यसनाचा भारी तिटकारा. १६०४ साली त्याने तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली आणि पौंडामागे दोन पेन्स असलेली जकात एकदम सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. आपल्याकडेही साधारण त्याच सुमारास ही वस्तू दरबारात पोचत होती. अकबराचा वकील असदबेग विजापुरास आला होता, त्याने तिथून तंबाखू आणि नक्षीदार नळी बादशहापुढे नेऊन ठेवली. वैद्याने हरकत घेतली तरी अकबराने एक-दोन झुरके घेतलेच. पुढे १६१७ साली जहांगिराने मनाईचे फर्मान काढले. दोन राजे, दोन मुलखांत, एकाच धुरावर हात उगारून उभे. लोकांनी दोघांचेही ऐकले नाही.

आता १६१९ हे साल पाहा. या साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या पाइप करणाऱ्या कारागिरांना राजाची सनद मिळाली. ज्या राजाला धुराचा तिटकारा, त्याच्याच मुद्रेची सनद! आणि याच साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एका जहाजातून वीसएक आफ्रिकी माणसे उतरवली गेली आणि धान्याच्या बदल्यात विकली गेली. व्हर्जिनियात तंबाखूचे मळे नुकतेच लागले होते. त्या मळ्यांत आधी कराराने बांधलेले गरीब गोरे राबले, पुढे गुलाम केलेले आफ्रिकी पिढ्यान्‌पिढ्या राबले. पीक वाढले, भाव उतरले. भाव उतरले तशी इंग्लंडात पाइपाची वाटी मोठी होत गेली. संग्रहालयात शंभर-दीडशे वर्षांचे पाइप ओळीने मांडलेले असले, तर ही वाढ नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती वाटी कुणाच्या घामाने रुंदावली, हे मात्र तिथे दिसत नाही.

पाइप व्हायचा कसा? बारीक पोताची पांढरी माती मळून तिची लांब वात करायची, एका टोकाला गोळा ठेवायचा. थोडी वाळू द्यायची. मग एक लोखंडी तार तेल लावून त्या वातीतून टोकापासून गोळ्यापर्यंत सरकवायची. खरी कारागिरी इथे. आतली तार दिसत नाही. ती मधोमध जाते आहे की कडेला फुटते आहे, हे बोटांनीच ओळखायचे. मग दोन भागांच्या लोखंडी साच्यात घालून दाबायचे, दट्ट्याने वाटी पोकळ करायची, कडा तासायच्या आणि भट्टीत भाजायचे. तासणे नि घासणे ही कामे बहुधा घरातल्या बाया नि पोरे करीत. इंग्लंडात ब्रोझली हे गाव या धंद्याचे, हॉलंडात गौडा. मौज अशी, की गौडा गावात हा धंदा नेला तो इंग्लंडातून आलेल्या लोकांनी, आणि १६६० साली तिथे पाइप करणाऱ्यांची श्रेणीही स्थापन झाली.

बरे, आता आपल्या मजुराकडे येऊ. तो दुकानात उभा आहे, किंवा गुत्त्यात बसला आहे. समोर दोन प्रकार आहेत. एक लांब नळीचा, हातभर किंवा त्याहूनही लांब. दुसरा आखूड, वीतभर किंवा त्याहून कमी. लांब नळीतून धूर यायला वाट मोठी, म्हणून तो गार होऊन तोंडात येतो, जीभ पोळत नाही. ओढायला हाच सुखाचा. पण तो ओढायचा तर बसून, एका हाताने धरून. ज्याला बसायला सवड आहे, त्याचा हा पाइप. शिवाय एकदा कुठे आपटला की संपला.

आखूड पाइप खिशात राहतो, दातांत बसतो. वजन उचला, गाडी हाका, खड्डा खणा, तो तोंडातच. आयर्लंडातून आलेले मजूर, खलाशी, कोळसा वाहणारे यांनी हाच धरला. नवा विकत घ्यायलाच हवा असेही नाही; लांबाची नळी मोडली की उरलेला तुकडा हाच आखूड पाइप! पण त्यात धूर कढत येतो आणि तापलेली माती ओठांच्या अगदी जवळ असते.

आणखी एक गोष्ट अनुभवी माणसाने नवख्याला सांगितली असेल. कोरी भाजलेली माती ओलावा ओढून घेते. ती ओठाला चिकटते, आणि पाइप काढला की ओठाची साल निघते. म्हणून चांगला कारीगर टोकाला मेण किंवा झिलई लावी. पाहण्यासारखे होते ते एवढेच: टोकाला झिलई आहे ना, भोक मोकळे आहे ना, वाटीला चीर नाही ना. किमतीचा प्रश्न फारसा नव्हता. पुढे १९ व्या शतकात तर साधा पाइप गुत्त्यात बिअरबरोबर फुकटही मिळे. इतका स्वस्त, म्हणून इतका टाकाऊ. आणि इतका टाकाऊ, म्हणूनच तो आज इतका सापडतो.

या टाकाऊपणाचे एका संशोधकाने सोने केले. जे. सी. हॅरिंग्टन हे व्हर्जिनियातील जेम्सटाउन या पहिल्या कायम टिकलेल्या इंग्रजी वसाहतीचे उत्खनन करीत होते. मातीच्या नळ्यांचे तुकडे तिथे ढिगांनी निघत. त्यांनी साधी ड्रिलची पाती घेतली आणि एकेका तुकड्याच्या भोकात घालून पाहिली. १९५४ साली त्यांनी जाहीर केले, की जुन्या नळ्यांचे भोक मोठे आणि पुढच्या काळातल्यांचे लहान. १६०० च्या सुमारास इंचाचे ६४ भाग केले तर त्यांतले ९ भाग. १७५० नंतर ४ भाग. नळ्या लांब आणि बारीक होत गेल्या, म्हणून तारही बारीक घ्यावी लागली. पुढे लुइस बिनफर्ड यांनी याचे सूत्रच बसवले. पुष्कळ तुकड्यांच्या भोकांची सरासरी काढा, तिला ३८.२६ ने गुणा, आणि आलेली संख्या १९३१.८५ मधून वजा करा. सरासरी ५ आली तर उत्तर येते १७४०.५५. म्हणजे तो कचरा साधारण १७४० च्या सुमाराचा. गुरुजींना हे उदाहरण फळ्यावर घालण्यासारखे आहे. मात्र एक सावधगिरी: हे सूत्र १८ व्या शतकाच्या अखेरीपर्यंतच भरवशाचे. सरासरी शून्य धरली तर १९३२ सालाच्या तोंडावर नळीचे भोकच बुजते, आणि तसे काही झाले नाही! पण जिथे एक कागद उरला नाही, अशा झोपडीचे साल तिथल्या माणसाने फेकलेल्या मोडक्या पाइपावरून सांगता यावे, ही गोष्ट लहान नाही.

मातीच्या पाइपाचे राज्य पुढे ओसरले. १८५० च्या दशकात फ्रान्समधील सेंट-क्लोद येथे ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या कठीण गाठीपासून पाइप होऊ लागले. ही गाठ सहज जळत नाही, पडली तर फुटत नाही. मातीहून महाग, पण वर्षानुवर्षे टिकणारी. आणि अमेरिकेत शेतकऱ्याने आपला तोडगा काढला. मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी हेन्री टिबी नावाचा हॉलंडहून आलेला कातारी होता. १८६९ साली एका शेतकऱ्याने दाणे काढून उरलेले मक्याचे कणीस त्याच्याकडे आणले आणि त्याचा पाइप कातून मागितला. पुढे टिबीने कणसाची छिद्रे प्लॅस्टर ऑफ पॅरिसने बुजवायची युक्ती काढून १८७८ साली पेटंट घेतले. तुर्कस्तानात मेअरशाम नावाचा पांढरा, हलका दगड निघतो, त्याचे पाइप श्रीमंतांचे. टिबीने आपल्या कणसाला नाव दिले मिसूरी मेअरशाम! त्या गावी आजही कणसाचे पाइप होतात. कमी पैशात पहिला पाइप पाहणाऱ्याला जाणते लोक अजून हाच दाखवतात, कारण तो हलका, कोरडा, आणि पहिल्या दिवसापासून ओढता येतो. नंतर टाकून दिला की त्याचे कणीस कुजून जाते.

आता हॅरियटकडे परत येऊ. १६२१ साली तो नाकाच्या कर्करोगाने वारला. धुराचा आणि या रोगाचा संबंध त्या काळी कोणी जोडला नाही. १७९५ साली सोमेरिंग या जर्मन वैद्याने लिहून ठेवले, की पाइप ओढणाऱ्यांना खालच्या ओठाचा कर्करोग वरचेवर होतो. १९६४ साली अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय अहवालाने पाइप हे ओठाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे नोंदवले. मातीचा असो, ब्रायरचा असो की कणसाचा, धूर तोच.

लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल नावाची मजुरांची वस्ती. तिथले १९ व्या शतकाच्या मध्यातले एक कबरस्तान अलीकडे संशोधकांनी तपासले. कितीएक कवट्यांत पुढच्या दातांना खाचा पडलेल्या आढळल्या. वरच्या दातांना अर्धगोल, खालच्यांना अर्धगोल. जबडा मिटला की दोन्ही मिळून एक वाटोळे भोक होते. मातीची नळी वर्षानुवर्षे एकाच जागी दातांत धरली की खडबडीत माती दात झिजवते, त्याचे हे भोक. दोन्ही हात कामात गुंतलेल्या माणसांचे हे दात. आखूड पाइपाची नळी त्या भोकात घालून पाहिली, तर ती नेमकी बसते.