पाटणच्या मठापासून ६१७४ पर्यंत : सरावप्रश्न आणि त्यांवरील चर्चेची भाषा

गणित हे नियम पाठ करून येत नाही. प्रश्न सोडवून आणि सोडविलेल्या प्रश्नावर वाद घालून ते येते, ही जाणीव महाराष्ट्रास नवी नव्हे. आज महाविद्यालयीन विद्यार्थी संगणकाच्या आज्ञावलीचे सरावप्रश्न सोडवितात, परस्परांच्या रीती तपासतात आणि चुकलेल्या उत्तराचे कारण चारचौघांत विचारतात. या व्यवहाराचे साधन अर्वाचीन असले, तरी त्याची घडण जुनी आहे. त्यात गुंतलेला भाषेचा प्रश्नही तितकाच जुना आहे.

भास्कराचार्यांच्या १১५० सालच्या 'लीलावती'त नियमामागून उदाहरण येते आणि उदाहरणात कोणास तरी हाक मारलेली असते : कधी 'गणक', कधी 'सखे', कधी 'बाले'. ही संबोधने केवळ वृत्तपूर्तीसाठी आली, असे मानणे उथळपणाचे होईल. समोर उत्तर देणारा कोणी बसला आहे, हे गृहीत धरूनच ती रचना झाली आहे. पुढे नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली व नियमांच्या उपपत्ती दिल्या. उत्तर बरोबर आले एवढ्यावर टीकाकार थांबत नाही, ते तसेच का यावे हेही तो सांगतो.

अशा अध्ययनाची संस्थाही होती. चाळीसगावजवळील पाटण येथे यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या, ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. (भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे जतच्या पूर्वेचे विजापूर, असेही एक मत आहे, परंतु ते गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे म्हटले आहे आणि विजापुरास हे वर्णन लागू पडत नाही.) भाषेच्या अभ्यासकास या लेखाचा उत्तरार्ध विशेष महत्त्वाचा वाटावा. विद्वानांची वंशपरंपरा आणि ग्रंथस्तुती संस्कृतात आहे. परंतु बाजारातील मालावरील कोणते उत्पन्न मठास द्यावयाचे, तेलाच्या घाण्यामागे किती पळ्या तेल द्यावयाचे, हे मराठीत आहे. विद्या एका भाषेत आणि तिचा निर्वाह दुसऱ्या भाषेत, अशी ही वाटणी एकाच शिळेवर कोरलेली आहे.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी प्रश्न घालण्याची हीच परंपरा एकट्याने चालविली. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नव्हते. सर्व अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशी उत्तरे येतात व त्यापुढे ६१७४ हीच संख्या कायम राहते. फार तर सात वेळा क्रिया करावी लागते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही गोष्ट मांडली. स्वदेशी कित्येकांनी तिला क्षुल्लक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकातून लिहिल्यावर तिला जगभर वाचक मिळाले.

आज हीच क्रिया आज्ञावली शिकणाऱ्यांचा नेहमीचा सरावप्रश्न झाली आहे आणि तीत नवशिक्या हमखास एका जागी अडखळतो. १००० घेतल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते. संगणकाने ती तीन अंकी मानली, तर पुढचे उत्तर शून्य येते. तीच ०९९९ अशी लिहिली, तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४ मिळते. यावरील चर्चा वरवर तांत्रिक भासते. वस्तुतः ती लेखनाची आहे. कापरेकरांची क्रिया संख्येवर नव्हे, तिच्या लिखित रूपावर चालते. मराठीत 'अंक' आणि 'संख्या' हे दोन शब्द वेगळे असल्याने हा भेद एका वाक्यात सांगता येतो.

परंतु तो मराठीत लिहिला क्वचितच जातो. २००१ सालच्या 'प्रोजेक्ट ऑयलर'मध्ये बरोबर उत्तर दिल्यावरच त्या प्रश्नावरील चर्चा वाचावयास मिळते. २००९ साली भारतात सुरू झालेल्या 'कोडशेफ'मध्ये स्पर्धेनंतर उकल स्पष्ट करून सांगतात. दोहोंचा मुख्य व्यवहार इंग्रजीत चालतो. विद्यार्थी एकत्र बसले की मात्र 'लूपच्या बाहेर काढ', 'अॅरेत घाल' असे बोलतात : नाम इंग्रजी, प्रत्यय व क्रियापद मराठी. म्हणजे विचाराची जोडणी मराठीत होते. लिहितेवेळी तीच गळून पडते. १९४८ पर्यंत संस्थान असलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या जत तालुक्यात घरी कन्नड, शाळेत मराठी व आज्ञावलीत इंग्रजी असा तिहेरी व्यवहार कित्येक मुलांच्या वाट्यास येतो. पाटणच्या शिळेवर निदान घाण्याचे तेल तरी मराठीत नोंदले गेले. जतच्या मुलाने ९९९ पुढे शून्य का लिहिले, हे त्याने शेजाऱ्यास कन्नडमिश्रित मराठीत समजावून सांगितले, तरी त्याची नोंद कोठेच होत नाही.