रुबेला : साथीचा शोध आणि लसीकरण

सौम्य ताप, चेहऱ्यावरून अंगभर उतरणारे बारीक लालसर पुरळ, कानामागे सुजलेल्या गाठी. मूल चार दिवसांत खेळू लागते. खरा धोका गर्भाला आहे: पहिल्या तीन महिन्यांत लागण झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष होऊ शकतो. हा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग यांनी दाखवला.

पुरळ पाहून गोवर की रुबेला, हे ठरत नाही. म्हणून साथीच्या गावात घरोघर चौकशी होते, रक्तात आयजीएम प्रतिपिंडे तपासतात, लसीकरण कार्डे पाहतात आणि गरोदर स्त्रियांची नोंद घेतात. ही नोंद सर्वांत मोलाची.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात आणि गोव्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. वयोगट ९ महिने ते १५ वर्षांखालील. आता नियमित लसीकरणात दोन मात्रा मोफत मिळतात: ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांत. दुसरी मात्रा चुकवू नये.